शेवंतीला विचारलेला प्रश्न

मामंजी, आपण दोघं सहा वर्षं एका घरात राहिलो आणि त्या सहा वर्षांत तुम्ही माझ्याशी थेट असं एक वाक्यही बोलला नाहीत. मीही बोलले नाही. सासऱ्यानं सुनेशी समोरासमोर बोलायचं नाही ही आपल्याकडची रीत, आणि तुम्ही तर पलटणीतून आलेले, तुम्हाला रीत म्हणजे हुकूम. आता मी तुमच्यापेक्षा वयानं पुष्कळ मोठी झाले आहे. तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या मिशा अजून पुरत्या पांढऱ्या झाल्या नव्हत्या, आणि माझ्या डोक्यावर आता काळा केस शोधून सापडत नाही. तेव्हा थोडा आगाऊपणा करते. तुम्ही आल्यागेल्याला, टपालवाल्याला, शेजारच्या मास्तरीणबाईंना एक गोष्ट हसून हसून सांगायचात. "आमच्या सुनंनं आख्खी लान भांगलून टाकली! कुणब्याची पोर ती, हरळी दिसल्यावर हात कसा थांबंल?" मी दाराआड उभी राहून ऐकायची आणि बाहेर सगळे खो खो हसायचे. मामंजी, ती गोष्ट तशी नव्हती. ती लान आहे, मुद्दाम राखलेली साहेबी हिरवळ आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी ती रागानं उपटली होती. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं, आणि इतक्या वर्षांत ते काही माझ्या मनातून हललं नाही.

लग्न होऊन मी कवठे महांकाळाकडच्या आमच्या कोरड्या रानातून साताऱ्याला आले, तेव्हा लढाई सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. तुमच्या मुलाची रजा संपायला अकरा दिवस उरले होते. त्यांतले चार पाहुण्यांत आणि देवदर्शनात गेले. मग ते ट्रंक घेऊन निघून गेले आणि घरात तुम्ही आणि मी उरलो. सासूबाई आधीच गेलेल्या. तिसरं माणूस नाही, मग निरोप कुणाकरवी द्यायचा? तुम्ही त्यावर तोड काढलीत. घरात शिरण्याआधी खाकरायचात आणि दाराच्या चौकटीला सांगायचात, "च्या झाला आसंल तर बरं हुईल," नाहीतर, "सांच्याला भाकरी एकच पायजे." मग मीही चौकटीलाच चहा द्यायची, म्हणजे उंबऱ्यावर कप ठेवून आत वळायची. याचं मला नवल वाटत नव्हतं. नवल वाटायचं ते याचं, की हाच माणूस बागेत पाऊल ठेवलं की गप्प बसत नसे. गुलाब, मोगरा, जास्वंद, सगळ्यांशी तुमचं बोलणं चालू. "काय रं गड्या, पानं का टाकलीस?" "ऊठ रं, बास झालं झोपनं." जाई असो की जास्वंद, बाई-बापय असा भेद तुम्ही करत नव्हतात. तुमच्या बागेतले सगळेच पलटणीतले जवान, सगळ्यांना "रं". मी चुलीपुढं बसून ऐकायची आणि वाटायचं, या घरात सून म्हणून येण्यापेक्षा झाड म्हणून आले असते तर बरं झालं असतं.

आणि ती लान. पहिल्या दिवशी घरापुढं पाच-सहा घोंगड्या अंथरल्या असाव्यात एवढा हिरवा तुकडा दिसला. वाकून बघितलं तर हरळी! माझा विश्वास बसेना. आमच्याकडं हरळी म्हणजे वैरीण. माझी आई जन्मभर तिच्यामागं खुरपं घेऊन फिरली. तिची एक कांडी मातीत राहिली तरी ती पावसात पुन्हा सगळं रान धरते, म्हणून उपटलेली हरळी आम्ही बांधावरसुद्धा टाकत नसू. दगडावर मुळं वर करून वाळवायची आणि मग जाळायची. आणि इथं एक मिशाळ हवालदार तिला चाळलेलं शेणखत घालतोय, झारीनं पाणी पाजतोय, तिच्यावर दगडी रूळ फिरवतोय! गणपतीत गल्लीतल्या बायका तिचेच कोवळे शेंडे दूर्वा म्हणून मागून न्यायच्या, तेव्हा तर मला हसू आवरेना. पुढं तुम्ही टपालवाल्याला सांगताना ऐकलं, की पहिल्या लढाईतून बसऱ्याहून परतल्यावर तुम्हाला कुठल्याशा छावणीत साहेबाच्या बंगल्याची बाग सांभाळायला दिली होती. ती लान तुम्ही चार वर्षं राखलीत, पण तिच्यावर बसायची तुम्हाला मुभा नव्हती. तेव्हाच ठरवलंत, स्वतःचं घर झालं की स्वतःची लान करायची आणि तिच्यावर मांडी घालून बसायचं. तुमच्या मुलानं पहिलं पाऊल टाकलं ते याच लानीवर.

तुमचं वर्ष त्या लानीभोवती फिरायचं. मृगाआधी खडे वेचून खत पसरायचं. आषाढात आपल्या साताऱ्याचा पाऊस एकदा बसला की उठायचं नाव घेत नाही, तेव्हा पाणी साचू नये म्हणून कडेनं चर काढायचा. श्रावणात ऊन-पाऊस सुरू झाला की आठवड्याला कात्री, तीही उकिडवं बसून, एका कडेनं सरकत सरकत. "एकदम बोडकी केली की पिवळी पडतीया," हे तुम्ही कात्रीला सांगायचात. दसऱ्यानंतर गुलाबाची छाटणी, आणि बुंध्याची माती काढून मुळ्या चार दिवस उन्हात उघड्या ठेवायच्या, मग खत घालून पुन्हा झाकायच्या. थंडीत कात्री बंद. उन्हाळ्यात न्हाणीचं पाणी जाईला आणि दिवस मावळताना लानीला झारी. यातलं एक अक्षरही तुम्ही मला शिकवलं नाहीत, तरी आज मला ते सगळं पाठ आहे.

त्या वर्षी पंचमीला माझे वडील, आबा, मला माहेरी न्यायला येतील म्हणून मी वाट पाहत होते. आले नाहीत. आमच्याकडं पाऊस लांबला होता, पेरणी पुन्हा करावी लागली होती. हे मला फार उशिरा कळलं. पंचमी गेली, राखीपौर्णिमा गेली, आणि घरात त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मी रोज संध्याकाळी फाटकाकडं बघत बसायची. वय माझं सोळा होतं, मामंजी. गणपती बोळवल्यावर दोन-तीन दिवसांनी तुमच्या मुलाचं पत्र आलं. मला वाचता येत नव्हतं, म्हणून तुम्ही ओसरीवर उभे राहून चौकटीला वाचून दाखवायचात आणि मी दाराआडून ऐकायची. मी खुशाल आहे, कुठं आहे ते लिहिता येत नाही, इथं जिकडंतिकडं वाळू आहे, डोळे मिटले की आपली लान दिसते, कात्री वेळेवर फिरवता ना, शेवंतीचं रोप आणणार होता ते आणलं का. इथं तुम्ही थांबलात. घसा साफ केलात. कागदाची घडी घातलीत आणि म्हणालात, "बास. खुशाल हाय." मग पायरी उतरून तुम्ही शेवंतीकडं गेलात. ते रोप तुम्ही आठवड्यापूर्वीच पायरीलगत लावलं होतंत. तुम्ही तिच्यापाशी उभे राहिलात आणि नेहमीपेक्षा मोठ्यानं विचारलंत, "करमतंय का गं बाई तुला हितं?"

मी आत पीठ मळत होते. तुम्ही बराच वेळ तिथंच उभे होतात, हातात रिकामी झारी घेऊन. माझ्या अंगाची लाही लाही झाली. नवऱ्याला वाळूत बसून लान आठवते, बायको आठवत नाही. सासऱ्याला आठ दिवसांच्या शेवंतीची काळजी, तिला करमतं की नाही याची विचारपूस, आणि नऊ महिने घरात राबणारी पोर जिवंत आहे की मेली याची कुणाला पर्वा नाही. मी परात अशी आपटली की ओसरीवरची चिमणी उडाली. मग तुमची पावलं लांब गेलेली ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही रहिमतपूरला आत्याबाईंकडं गेलात. तुम्ही वळणाआड जाताच मी पदर खोचला आणि कुदळ घेतली. माती पावसानं मऊ होती. कुदळीनं उकरायचं, खुरप्यानं कांड्या ओढायच्या, आईनं शिकवलं होतं तसं, एक मूळ मागं ठेवायचं नाही. मी रडत नव्हते, उलट मला बरं वाटत होतं. मास्तरीणबाई कुंपणावरून ओरडल्या, "अगं, काय करतीस हे?" मी म्हटलं, "हरळी लय माजलीय." दुपार कलेपर्यंत सगळी लान मुळं वर करून दगडांवर वाळत पडली होती आणि घरापुढं नांगरटीसारखी काळी माती होती. मग हात धुऊन उंबऱ्याशी बसले आणि तुमची वाट पाहू लागले. मला भीती वाटत नव्हती म्हटलं तर खोटं होईल. पण भीतीपेक्षा जास्त एक हाव होती. आता या माणसाला चौकट सोडून माझ्याशी बोलावंच लागेल. ओरडा, शिव्या द्या, माहेरी घालवा, पण माझ्याकडं बघून बोला.

तुम्ही आलात तेव्हा ऊन भिंतीवर होतं. फाटकात थांबलात. पिशवी खाली ठेवलीत. दगडांवरच्या ढिगाकडं पाहिलंत, मग मातीकडं. नंतर वाकून माती बोटांनी चाळून पाहिलीत आणि माझ्या हातांकडं एकदा नजर टाकलीत, फोड आलेले होते. तुमच्या मिशा हलल्या. तुम्ही मास्तरीणबाईंच्या कुंपणाकडं वळलात आणि मोठ्यानं हसलात. "बघितलंसा का वयनी? आमच्या सुनंनं आख्खी लान भांगलून टाकली!" त्या दिवसापासून ती गोष्ट गावभर झाली. मी वेंधळी ठरले आणि सुटले. त्या हसण्यानं मला इतकं एकटं वाटलं, की त्यापेक्षा चार थोबाडीत दिल्या असत्यात तर बरं, असं मी कितीतरी दिवस म्हणत होते.

आठवड्यानं टपालवाल्याच्या हाती कार्ड देताना तुम्ही म्हणालात, "व्याह्यास्नी लिवलंय. हरळी पायजे, तीबी त्येंच्याच रानातली. लय चिवट आसती म्हनत्यात." आणि खरोखरच आबा आले! मिरजेला गाडी बदलून, खांद्यावर ओलं पोतं, पोत्यात हरळी. फाटकातूनच म्हणाले, "पाव्हणं, आवं आमच्या गावात कळलं तर लोक मला येड्यात काढतील. बेण्याला हरळी निऊन द्यायची म्हंजे!" तुम्ही हसलात आणि त्यांना पाच दिवस सोडलं नाहीत. कांड्या कशा तोडायच्या, दोन डोळे मातीत आणि एक वर, हे तुम्ही आबांना सांगायचात, आबा मला सांगायचे, आणि आम्ही तिघं ओळीनं बसून ऊस लावावा तशी हरळी लावत होतो. पाच दिवस मी आबांशी बोलून घेतलं. चुलीपुढं ते बसायचे, म्हशीचं, आईच्या गुडघ्याचं, धाकटीच्या सोयरिकीचं सांगायचे, आणि तुम्ही तेवढा वेळ फाटकाबाहेर कुठंतरी असायचात. निघताना आबा डोकं खाजवत म्हणाले, "पोरी, हितं समोरच्या चरात गुडघ्याएवढी हरळी हाय की गं. मग मला कशापायी बोलावलं आसंल?" मी म्हटलं, "मामंजींचं सगळं तसंच हाय." दसऱ्याला मातीवर हिरवी लव आली. तुम्ही ती बघायला मला हाक मारली नाहीत, पण चौकटीला सांगितलंत, "लान धरली बरं का."

त्यानंतर तुम्ही बियांच्या पुड्यांवर नावं लिहून त्या उंबऱ्यावर ठेवायला लागलात. झेंडू, तेरडा, गुलबक्षी. पुडीत बी कसलं ते मला ओळखू यायचं, मग वरचं अक्षरही त्याच नावाचं असणार. अशी मी वाचायला शिकले, मामंजी, झेंडूच्या झ पासून. पुढची पत्रं आली ती तुम्ही वाचून दाखवली नाहीत. उंबऱ्यावर ठेवून द्यायचात, वर एक खडा. लढाई संपली, तुमचे चिरंजीव सुखरूप आले, महिनाभर लानीवर लोळले आणि पुन्हा नोकरीवर गेले. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी चैत्रात तुम्ही दोन दिवसांच्या तापात गेलात. मृग जवळ आला तेव्हा मी तुमचा बियांचा डबा उघडला. तेरड्याची पुडी सोडली, बी तळहातावर घेतलं, आणि कागदावर तुमच्या मुलाचं अक्षर दिसलं. वाळू, लान, कात्री, शेवंतीचं रोप आणलं का. त्याखाली आणखी एक ओळ होती. "तिला आपल्याकडे करमतं का, तेवढं विचारून कळवा."

ही ओळ तुम्ही वाचून दाखवली नव्हतीत. कशी वाचणार होतात? मुलानं बायकोची केलेली विचारपूस सासऱ्यानं सुनेला मोठ्यानं वाचून दाखवायची, हे तुमच्या तोंडून मरेपर्यंत निघालं नसतं. पण विचारून कळवा असंही लिहिलेलं होतं. तेव्हा मला ते "गं" आठवलं. सगळी बाग "रं". जाईलासुद्धा "रं गड्या". त्या एकाच दिवशी, एकाच झाडाला तुम्ही "गं बाई" म्हणालात, आणि उत्तरासाठी रिकामी झारी घेऊन उभे राहिलात. आणि मी परात आपटली. त्या मृगात मी तेरडा पेरलाच नाही, बी तसंच मुठीत धरून दुपारभर पायरीवर बसून राहिले.

पुढं कितीतरी वर्षांनी, पोरंबाळं झाल्यावर, मी तुमच्या मुलाला विचारलं, की तेव्हा मामंजींनी काय कळवलं होतं. त्यांच्या लक्षात होतं. "विचारलं, उत्तर आलं न्हाई, तिच्या बाला बोलावून घेतो, असं लिवलं व्हतं," ते म्हणाले आणि पुन्हा पेपर वाचू लागले. म्हणजे मी लान का उपटली ते तुम्हाला पहिल्या क्षणापासून कळलं होतं. सुनेनं रागानं सासऱ्याची लान खणली, असं कुणाच्या तोंडी येऊ नये, म्हणून तुम्ही ती गोष्ट आधी हसण्यावारी नेलीत. आणि मी मात्र तुम्हाला फसवलं असं समजून तुमच्या पश्चातही मनातल्या मनात चोरटी राहिले.

आता या घरात मी एकटी आहे. तुमच्या मुलाला जाऊन सहा वर्षं झाली. नातवंडं पुण्याला. लान आहे. उकिडवं बसवत नाही म्हणून पाटावर बसून कात्री चालवते, एका दिवसाचं काम आठ दिवस पुरतं, तेवढंच बरं. शेवंती त्याच पायरीशी आहे, दर दोन-तीन वर्षांनी तिचे फुटवे काढून लावत आले. झाडांशी मीही बोलते, पण दाराआडून ऐकणारं कुणी नाही. आज तेरड्याचं बी वाळलं आणि पुडी बांधायला कागद हवा आहे, तर हे लिहितेय तोच घेते. टपालात टाकायला पत्ता तरी कुठला लिहू?

फक्त बांधण्याआधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. तुम्ही विचारलंत तेव्हा नव्हतं करमत, मामंजी. हरळी लावली त्या दसऱ्यापासून करमायला लागलं. आणि खरं सांगायचं तर तुम्ही खाकरून दारात यायचात तोवरच करमलं. हे मी तुमच्या मुलालासुद्धा कधी सांगितलं नाही.